गोंदूरचे राम सुतार आणि आभाळाएवढे पुतळे: नुसती उंची मोजून काय कळतं?

पांझरा_काठ

राम सुतार डिसेंबर २०२५ मध्ये नोएडात वारले, शंभरी पूर्ण करून. तेव्हापासून आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एकच ओळ फिरते आहे, 'जगातला सर्वात उंच पुतळा करणारा खान्देशचा सुपुत्र'. खाली १८२ मीटर, म्हणजे केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्याची उंची, आणि मग हात जोडलेल्यांची रांग. अभिमान मलाही आहे. पण आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे ही ओळ वाचली की चिडचिड होते. उंची म्हणजे इंजिनिअरची आणि तिजोरीची करामत. शिल्पकाराने त्यात काय केलं, यावर कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्म १९ फेब्रुवारी १९२५, गोंदूर, धुळ्याच्या अगदी कुशीला. वडील वनजी हंसराज सुतारकाम करायचे. गुरू श्रीराम कृष्ण जोशी यांनी पोराचा हात ओळखला आणि मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये धाडलं. १९५३ ला मॉडेलिंगचं मेयो सुवर्णपदक. १९५४ ते ५८ पुरातत्त्व खात्यात, औरंगाबादला. काम काय, तर वेरूळच्या झिजलेल्या-तुटलेल्या मूर्तींची डागडुजी. मग दिल्लीत माहिती आणि प्रसारण खात्यात नोकरी, आणि ती लवकरच सोडून स्वतःचा स्टुडिओ.

माझ्या मते हा माणूस पिकला तो वेरूळला. तिथे मूर्ती कड्यातून आत खोदत काढलेली. छिन्नी चुकून खोल गेली तर गेलेला दगड परत लावता येत नाही. अशा ठिकाणी चार वर्षं काढल्यावर मोठ्या आकाराची धास्ती कसली? पुढे चंबळवर गांधीसागर धरणापाशी त्यांनी ४५ फुटी चंबळमाता केली, ती याच धाटणीची: काँक्रीटचा एकसंध ठोकळा उभा केला आणि त्यातून मूर्ती कोरून काढली. आई आणि तिला बिलगलेली दोन लेकरं, एक मध्य प्रदेश आणि एक राजस्थान. नेहरूंना ती इतकी आवडली की भाक्रा धरणावर राबलेल्या मजुरांचं ५० फुटी ब्राँझचं स्मारक करा म्हणाले. पैशाअभावी ते राहूनच गेलं. नेत्यांचे पुतळे पुढे ढिगाने झाले, मजुरांचा तेवढा बारगळला. असो.

आता सरदार. दोन्ही हात अंगासरशी सैल सोडलेले. बोट दाखवत नाहीत, तलवार उपसत नाहीत, छाती फुगवलेली नाही. साधा उभा म्हातारा, अंगावर चादर, आता एक पाऊल टाकेल असा. एवढ्या उंचीवर माणसाला काहीही न करता उभं करायला जिगर लागते, कारण मग बघणाऱ्याला गुंतवायला चेहरा आणि कपड्याच्या घड्या सोडून हातात काही उरत नाही. पायथ्याशी गेलात तर चेहरा दिसतच नाही. दिसतात चपला, अंगठ्याचं नख, धोतराच्या निऱ्या. नखाची कडसुद्धा नीट काढली आहे. मग मागे-मागे या, पुलावर, नदीच्या काठावर. किंचित आक्रसलेल्या भुवया तिथून उलगडतात.

तुमचं मत सांगा. फक्त १८२ चा आकडा नको.

भरीत_पुरी

काय भो सर, इतला मोठा मानूस आपला गावना आन आपलेच धड माहीत नही! वेरूळनं आज कळनं. लिखत ऱ्हा.

गावठी_इंजिनिअर

सर, लेख आवडला, पण 'उंची ही तिजोरीची करामत' हे आमच्या जमातीच्या वतीने नामंजूर.

उंच बांधणं अवघड नाही, हा 'असा' उंच बांधणं अवघड होतं. बहुतेक मोठे पुतळे खाली घेरदार असतात. स्टॅच्यू ऑफ लिबर्टीचा झगा बघा, पायाशी पसरलेला. बुद्धाची आसनस्थ मूर्ती घ्या, खाली मांडी. वजन आपोआप बुडाशी बसतं. सरदारांचं उलट आहे. खांद्याला चादरीमुळे रुंद, आणि खाली धोतर निमुळतं होत दोन पायांवर येतं. शिवाय दोन पावलांमध्ये ६.४ मीटरची फट, कारण शिल्पकाराला चालण्याचा भास हवा होता. त्या फटीतून वारा कसा घुसेल, कसा भोवरा करेल, यासाठी विंड टनेलमध्ये चाचण्या घेतल्या. ताशी १८० किलोमीटरचं वारं धरून डिझाइन आहे. आत काँक्रीटचे दोन उभे गाभे आहेत, आणि झोका शोषायला प्रत्येकी २५० टनांचे दोन डॅम्पर बसवलेत. पुतळा डावीकडे कलला की हे धूड उजवीकडे ओढतं.

म्हणजे सुतारांनी धोतर नेसवलं आणि घाम पुतळा बांधणाऱ्या एल अँड टीच्या इंजिनिअरांना फुटला.

पांझरा_काठ

बास, हेच तर हवं होतं. म्हणजे अवघडपणा उंचीत नसून त्या उभं राहण्याच्या ढबीत आहे, आणि ढब शिल्पकाराची. तुम्ही माझ्याच बाजूने बोललात की हो!

गावठी_इंजिनिअर

सर, मास्तर लोकांशी वाद घालू नये असं आमची आई सांगायची ते उगाच नाही.

सातपुडा_१९

सगळं खरं, पण अंगावरचं ब्राँझ चीनमध्ये ओतून आणलं ना? मग 'आपल्या मातीचा शिल्पकार' वगैरे काय लावलंय? मॉडेल दिलं आणि बाकी कारखान्याने केलं. असं तर थ्रीडी प्रिंटरवालाही करतो.

ओतशाळा

नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय. जळगावात आमचं ओतकामाचं छोटं शेड आहे. घंटा, समया, देवीचे टाक, मधूनमधून अर्धपुतळे. सातपुडा भाऊंच्या प्रश्नावर थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

ओतणारा आणि घडवणारा हे दोघं पहिल्यापासून वेगळेच असतात. पुतळ्याचा जीव मातीकामात. आधी सळई-जाळीचा सांगाडा, त्यावर माती चढवायची. चेहरा, बोटं, कपड्याच्या चुण्या, सगळं याच टप्प्यावर ठरतं. माती ओल्या गोणपाटात आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवावी लागते. आपल्या एप्रिल-मे मध्ये एक दुपार झाकायला विसरलं की नाकावर तडा गेलाच समजा. मग त्यावरून प्लास्टरचा किंवा रबराचा साचा. साच्यात मेणाचा पातळ थर. त्या मेणाला बाहेरून-आतून मातीचं कवच, भट्टीत तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि राहिलेल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. मोठं काम असेल तर तुकड्या-तुकड्यात ओतून वेल्डिंग, आणि वेल्डिंगची रेघ घासून-ठोकून अशी मारायची की बाहेरून कळता कामा नये. यात आमच्या हातात काय? भोक पडू न देणं, जाडी सारखी ठेवणं. चेहरा बिघडवणं आमच्या हातात असतं, सुधारणं नसतं.

सरदारांचं म्हणाल तर आधी ३ फुटी, मग १८, मग ३० फुटी असे टप्पे झाले. मोठं केलं की चुका पण मोठ्या होतात, म्हणून हे टप्पे. ओठाच्या कोपऱ्यात ३ फुटी मूर्तीवर नखभर माती जास्त झाली तर कुणाला कळणार पण नाही, तीच चूक १८२ मीटरवर दारातून माणूस जाईल एवढी होते. ३० फुटी मॉडेल स्कॅन करून पुढचं कॉम्प्युटरवर मोठं केलं. प्रत्यक्षात बाहेरचं ब्राँझ म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर जाडीचं कातडं आहे, सगळं मिळून १७०० टनांच्या आसपास, हजारो पत्र्यांत. आतलं ओझं काँक्रीट आणि लोखंड पेलतं. एवढे पत्रे ठरल्या मुदतीत ओतून देणारी भट्टी इकडे नव्हती, म्हणून चीनमधल्या नानचांगच्या फाउंड्रीत ओतले. कमीपणा वाटायचाच असेल तर तो आम्हा ओतकामवाल्यांना वाटावा. सुतार साहेबांना कशाला?

धातू ८५ टक्के तांबं, उरलेल्यात जस्त, कथील, शिसं ५-५ टक्के. तांबं एवढं असल्यावर रंग पालटत जाणार. आज तपकिरी दिसतोय तो हळूहळू हिरवट होईल. तेव्हा कुणी 'भ्रष्टाचार झाला, गंज चढला' अशी पोस्ट टाकली तर हा धागा दाखवा.

सातपुडा_१९

ओतशाळा भाऊ, मानलं. एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. माझा आक्षेप मागे.

तापीकर

धागा वाचनखूण करून ठेवला. ओतशाळा, तुम्ही वेगळा धागा काढा राव, समया कशा ओततात त्यावर.

अक्कलकुव्याची

सगळे छान लिहिताय म्हणून मध्येच मोडता घालायला जिवावर येतंय, पण खान्देशचा म्हणून धागा काढलाय तर खान्देशचीच एक गोष्ट राहू नये.

सरदार नर्मदेतल्या साधू बेटावर उभे आहेत. तोंड धरणाकडे, सरदार सरोवराकडे. मध्ये अंतर सव्वातीन किलोमीटर. छातीशी १५३ मीटरवर गॅलरी आहे, तिथे लिफ्टने नेतात आणि जाळीतून धरणाची भिंत दिसते. लोक फोटो काढतात, मीही काढला. भिंतीच्या मागे जे पाणी चमकतं त्याच्या या काठाचं पहिलं गाव मणिबेली. तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार, आणि १ जुलै १९९८ पर्यंत जिल्हा धुळे. म्हणजे सुतार साहेबांचा आणि मणिबेलीचा जिल्हा एकच होता.

अक्कलकुवा आणि धडगाव मिळून आपली ३३ गावं या पाण्यात आली. मणिबेलीजवळचं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, देव गोऱ्याला नवीन देवळात नेले. देवाचं पुनर्वसन व्यवस्थित झालं. माणसांचं काय झालं ते तळोद्याकडच्या वसाहतींत जाऊन विचारा. कुणाला जमीन मिळाली पण खडकाळ. कुणाला घर मिळालं पण महू कुठे, चारोळी कुठे, नदीतला मासा कुठे? १९९३ ला जागतिक बँक या प्रकल्पातून बाहेर पडली, त्यात मणिबेलीच्या लोकांनी गाव न सोडता केलेल्या लढ्याचा वाटा होता. एवढं बळ या गावात होतं, आणि आज ते नाव धुळ्यातल्या पोरांनाही माहीत नाही.

मी शिल्पकाराला बोल लावत नाही. चेहऱ्याबद्दल सर म्हणतात ते पटतं, खरंच शांत चेहरा आहे. पण तो चेहरा बघतो काय, हेही बघायला नको का?

देशभक्त_जामनेर

आलं का राजकारण! प्रत्येक चांगल्या गोष्टीत रडगाणं. धरणामुळे गुजरातला पाणी मिळालं त्याचं काय? एवढा त्रास होता तर फोटो कशाला काढायला गेलात?

अक्कलकुव्याची

दादा, माझं आजोळ त्या पाण्याखाली आहे. तिथे जायची दुसरी वाट राहिलेली नाही, म्हणून तिकीट काढून वरून बघून आले.

तापीकर

जामनेरकर, ताईंनी एकही वाक्य वेडंवाकडं लिहिलेलं नाही. पाणी मिळालं हेही खरं आणि गावं गेली हेही खरं. सार्वजनिक जागी पुतळा उभा केला की त्यावर बोलायचा हक्क सगळ्या सार्वजनिकाला. हतनूर धरणामुळे, गिरणा धरणामुळे ज्यांची शेतं गेली त्या घरातले लोक या फोरमवर आहेत. जरा सबुरीने.

पांझरा_काठ

ताई, मोडता कसला, तुम्ही धागा पुरा केलात. मला यात एक विलक्षण गोष्ट दिसते. सुतारांचं पहिलं नावाजलेलं मोठं काम धरणावर, चंबळला. न झालेलं काम धरणावर, भाक्र्याला. आणि सगळ्यात मोठं कामही धरणासमोर. त्या पिढीला धरण म्हणजे देऊळ वाटायचं, आणि देवळापुढे मूर्ती हवीच. चंबळमातेत निदान नदी ही आई होती. केवडियात नदी खाली राहिली आणि वर नेता आला. साठ वर्षांत देशाची नजर कुठून कुठे गेली ते एकाच माणसाच्या हातच्या दोन मूर्तींत वाचता येतं. यात शिल्पकाराची चूक काढता येत नाही, तो मागणीप्रमाणे काम करणारा. पण मागणी कोण करतंय ते कामात उमटतंच.

मूळचा_एरंडोलचा

मी नाशिकला असतो, धुळ्याचा मोह कमी आहे, म्हणून जरा कडू बोलतो. सुतारांचं सगळंच काम ग्रेट नाही. शेवटच्या वर्षांत ऑर्डरी इतक्या होत्या की पुतळे एकमेकांचे भाऊ वाटायला लागले. बंगळूर विमानतळावर १०८ फुटी केंपेगौडा, हैदराबादला १२५ फुटी बाबासाहेब, गोव्यात पर्तगाळीला ७७ फुटी राम, अयोध्येत लता मंगेशकर चौकातली ४० फुटी वीणा. दरवेळी बातमीत आधी फूट येतात, मग नाव. त्यांचे चिरंजीव अनिल सुतार स्वतः शिल्पकार आणि आर्किटेक्ट, त्यांच्याकडे मोठी यंत्रणा आहे. पण यंत्रणा आली की हाताचा ठसा पुसट होतो.

मला त्यांचं एकच काम मनापासून भावतं, संसदेतले बसलेले गांधी. १९९३ ला अनावरण झालं. जेमतेम १६ फूट. मांडी घालून, डोळे मिटत आलेले, खांदे थोडे पुढे झुकलेले. खासदारांनी किती वर्षं त्यांच्या पायाशी बसून आंदोलनं केली! सत्ताधारी बदलायचे, विरोधक बदलायचे, बसायची जागा तीच. २०२४ ला तो जागचा हलवून संसदेच्याच आवारातल्या प्रेरणास्थळात नेला. सार्वजनिक शिल्प म्हणजे मला असं काम वाटतं, ज्याच्या अंगाखांद्याला लोकांची सवय लागते. १५३ मीटरवर लिफ्टने जाऊन कसली सवय लागणार?

पांझरा_काठ

एरंडोलकर, तुमच्याशी भांडायचं ठरवून उत्तर लिहायला घेतलं आणि गांधींपाशी येऊन थांबलो. तो पुतळा त्यांचा सर्वोत्तम, यात दुमत नाही. गांधी त्यांच्या हातात बसले होते. जन्मशताब्दीच्या वेळी केलेल्या गांधींच्या अर्धपुतळ्याच्या प्रती तर देशोदेशी गेल्या. एकच चेहरा आयुष्यभर करत राहिलं की तो बोटांना पाठ होतो.

बाकी एकसारखेपणाबद्दल: अंशतः मान्य. केंपेगौडा मला फोटोत फारसा भिडला नाही. पण 'यंत्रणा म्हणजे ठसा पुसट' हे सरसकट नको. वेरूळ एकट्याने खोदलं होतं का?

मूळचा_एरंडोलचा

वेरूळला ठेकेदाराची पाटी नव्हती सर!

चोपडेकर_आबा

मंडळी, तुमचं उच्च दर्जाचं चाललंय, मी जमिनीवरचा प्रश्न विचारतो. आमच्या गावात (चोपडा तालुका, नाव नको) चौकात शिवाजी महाराजांचा पुतळा करायचा ठराव झालाय. वर्गणी बऱ्यापैकी जमली. पोरांचं म्हणणं २१ फुटी करू, शेजारच्या गावात १५ चा आहे. एकाने फायबरचं कोटेशन आणलं, स्वस्त आहे, महिन्यात देतो म्हणतो, वरून ब्राँझचा रंग. मी समितीत आहे आणि मला यातलं ओ की ठो कळत नाही. काय करावं?

ओतशाळा

आबा, थांबा. सही करू नका.

फायबर आतल्या जागेत ठीक. आपल्याकडे चौकात बारा महिने उभं करायचं तर उन्हाचा विचार करा. ४५ डिग्रीत वरचा रंग दोन-तीन उन्हाळ्यांत पांढुरका पडतो, मग बारीक भेगा, भेगांतून पावसाचं पाणी, आतल्या लोखंडाला गंज. दर जयंतीला रंग मारायचा, आणि दरवेळी नाक-डोळ्यावर थर चढून महाराज ओळखू येईनासे होतात. असे पुतळे मी दुरुस्तीला बघितलेत, दुरुस्तीत राहिलेलंही जातं.

आणि मालवणचं विसरू नका. तिथल्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण, २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेसुद्धा नाही. नट-बोल्ट गंजलेत म्हणून बांधकाम खात्याचं पत्र आधीच गेलं होतं. नंतर ते काम सुतारांकडे आलं. आता तिथे ६० फुटी ब्राँझचे महाराज आहेत, हातात तलवार, ११ मे २०२५ ला पूजन झालं. आत स्टेनलेस स्टीलचा सांगाडा आहे, कारण खारा वारा साध्या लोखंडाला खातो. आपल्याकडे खारं वारं नाही, पण वावटळ आहे, गारपीट आहे, आणि आतून कुणी बघायला जात नाही.

माझा सल्ला: त्याच पैशात ९ फुटी ब्राँझचा करा. आतला सांगाडा कशाचा, पायातले बोल्ट किती जाडीचे, चौथऱ्यात किती खोल, हे ठेकेदाराकडून नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लिहून घ्या.

गावठी_इंजिनिअर

+१. आणि आबा, पुतळ्याच्या पोटात शिरता येईल असं झाकणाचं दार ठेवायला सांगा, पाठीमागून. ९ फुटीत माणूस जाणार नाही, पण हात आणि टॉर्च गेला पाहिजे. खाली पाणी निचरायला भोकं ठेवा. आत साठलेलं पाणी कुणाला दिसत नाही, आणि तेच घात करतं.

पांझरा_काठ

आबा, कागदपत्रांचं पण बघा. सार्वजनिक जागी पुतळा उभारायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पोलिसांचं ना हरकत लागतं, आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. मालवणच्या वेळी बातम्यांत आलं होतं की मान्यता ६ फुटी नमुन्याला दिली होती. म्हणून मान्यता घेताना प्रत्यक्ष उंची कागदावर आली पाहिजे. लोक ही पायरी कटकट समजतात. खरं तर चेहरा सुधारायची शेवटची संधी तीच.

आणि एक कलेचा मुद्दा, जो कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. तुमच्या चौकात लोक पुतळ्याकडे खालून बघणार. खालून बघितलं की हनुवटी पुढे येते, कपाळ मागे पळतं, डोकं बारीक दिसतं. जाणता शिल्पकार डोकं मूळ प्रमाणापेक्षा थोडं मोठं आणि थोडं पुढे झुकतं करतो. फ्लॉरेन्सच्या डेव्हिडचं डोकं आणि हात मोठे आहेत, तो आधी कॅथेड्रलच्या वरच्या भागात बसवायचा होता म्हणून, असं बरेच अभ्यासक मानतात. तेव्हा मातीचं मॉडेल पास करायला समिती जाईल तेव्हा टेबलासमोर खुर्च्या टाकून बघू नका. चौथरा ८ फूट असणार असेल तर मॉडेल तेवढ्या वर चढवायला सांगा आणि रस्त्याच्या अंतरावर जाऊन उभे राहा. बायकांना आणि शाळेतल्या पोरांना पण न्या, त्यांची नजर आणखी खालून असते. तिथून महाराज ओळखू आले तरच सही.

भरीत_पुरी

सर, आमना गावना पुतळानं डोकं बारीक का दिखस ते आज समजनं. बठ्ठा गाव इतला साल शिल्पकारले शिव्या दी ऱ्हायना.

मूळचा_एरंडोलचा

शिव्या बरोबरच होत्या, फक्त कारण आज कळलं.

देशभक्त_जामनेर

आबा, आमच्या गावचा अनुभव सांगतो, देखभालीचे पैसे वेगळे बाजूला काढा. पुतळा झाला, वर्गणी संपली, आता पक्ष्यांची घाण धुवायला पण ठरावाची वाट बघतो आम्ही. अक्कलकुव्याच्या ताई, त्या दिवशी जरा जास्त बोललो. राग नसावा.

अक्कलकुव्याची

नाही दादा. कधी मोलगीच्या बाजूला आलात तर सांगा, बाजाराच्या दिवशी या, भगरीचा तांदूळ चांगला मिळतो.

चोपडेकर_आबा

सर्वांचे आभार. धाग्याच्या प्रिंटा काढून मीटिंगमध्ये वाटल्या. ओतशाळांचं 'सही करू नका' मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं पहिल्यांदा तापली, शेजारचे हसतील म्हणाली. मग एका म्हाताऱ्याने विचारलं की शेजारच्यांचे महाराज कुणाला ओळखू येतात का? त्यावर सगळे हसले आणि २१ वरून गाडी ९ वर आली. फायबर रद्द, ब्राँझ पक्कं. इंजिनिअर धुळ्याचा बघतोय.

आता नवीन झंझट: उंची कमी केली ना, मग घोडा पाहिजेच म्हणतात. आणि घोडा पुढचे दोन्ही पाय उचललेला.

ओतशाळा

घोड्याचं बजेट निराळं, आबा. दोन पायांवर उभा घोडा म्हणजे सगळं वजन मागच्या दोन घोट्यांवर, तिथे भरीव स्टील लागतं. मदतीला शेपूट जमिनीपर्यंत आणून तिसरा टेकू द्यावा लागतो. एकच पाय उचललेला, तीन पायांवर चालता घोडा घ्या. निम्म्या कटकटीत होतो. आणि महाराजांच्या ९ फुटात घोडा धरलाय की घोड्याशिवाय ९, ते आधी ठरावात लिहून घ्या, नाहीतर महाराज चार फुटाचे यायचे.

चोपडेकर_आबा

बाप रे. हे विचारलंच नव्हतं. रविवारी परत मीटिंग लावतो.